गांडूळखताचा चहा, पहिल्या बादलीपासून

"गुलाबाला काय घालतेस गं?" हा प्रश्न मला नाशिकच्या आमच्या सिडकोतल्या गल्लीत आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि मी गांडूळखताचा चहा म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर आधी कपबशी येते. तर गांडूळखत पाण्यात भिजवायचं, त्यात एक दिवस हवा सोडायची, गाळायचं आणि जे कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी निघतं ते झाडांना द्यायचं, एवढंच आहे ते. कोणी व्हर्मी टी म्हणतं कोणी कंपोस्ट टी. मी हे चार वर्षांपासून करतेय, गच्चीवर पन्नासेक कुंड्या आहेत, त्यात निम्मे गुलाब (मुघलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, मग गुलाब तर हवेतच ना), बाकी टोमॅटो, मिरची, वांगी, कढीपत्ता, दोन लिंबं आणि एक अंजीर. ज्यांनी आजपर्यंत कधीच केलं नाहीये त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून लिहितेय, थोडं लांबलंय पण घाईत वाचू नका कारण चुका बारीक बारीक ठिकाणीच होतात.

आणि बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे एक राहू द्या, या चहाला दुधासारखं वागवायचं. आज झाला की आजच संपवायचा. भांडी स्वच्छ, पाणी स्वच्छ, वास बदलला की टाकून द्यायचा. बाटलीत भरून महिनाभर कपाटात ठेवायची ही वस्तूच नाहीये, आणि पुढे मी जे जे सांगणारे ते सगळं यातूनच येतं.

आधी नावांचा घोळ मिटवू

गांडूळ बेडच्या किंवा डब्याच्या खाली नळीतून जे काळं पाणी ठिबकतं त्याला बरेच जण चहा समजतात. तो निचरा आहे. ओल्या कचऱ्यातून, अर्धवट कुजलेल्या भाजीतून पाझरत आलेलं पाणी, त्यात काय असेल याचा भरवसा नसतो, कधी झाडाला लागू पडतं कधी मुळं खराब करतं. माझ्याकडे ते निघालं तर मी दहापट पाणी घालून फक्त शोभेच्या झाडांना घालते, भाजीला कधीच नाही.

व्हर्मीवॉश म्हणजे वेगळंच, त्यात ड्रममध्ये खाली विटांचे तुकडे, वर वाळू, वर माती, शेण आणि जिवंत गांडुळं असतात आणि वरून मडक्यातून थेंब थेंब पाणी सोडून खाली तोटीतून गोळा करतात. आपल्याकडे निफाड-दिंडोरीकडचे बरेच शेतकरी हे करतात, चांगलं असतं, पण त्याला जागा लागते आणि गांडुळं सांभाळावी लागतात.

आणि जीवामृत तर सगळ्यांना माहितीच आहे, सुभाष पाळेकरांचं, २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. त्यात आपण ताजं शेण आंबवतो. चहामध्ये ताजं शेण अजिबात नाही, गांडुळांनी आधीच खाऊन पचवून टाकलेलं तयार खत वापरतो, म्हणून वासही येत नाही आणि फ्लॅटच्या बाल्कनीतसुद्धा करता येतं.

हे करतं काय, आणि काय करत नाही

खरं सांगायचं तर अन्नद्रव्यं यात कमी असतात. चांगल्या गांडूळखतातच नत्र साधारण एक ते दीड टक्का, ते तुम्ही पंधरापट पाण्यात मिसळलं तर उरणार किती? म्हणून "चहा देते त्यामुळे खत बंद केलं" असं कोणी म्हणालं की मला त्या झाडांची काळजी वाटते. खत चालूच ठेवायचं. चहातून मिळतात ते जिवाणू, बुरशीचे उपयोगी धागे, ह्युमिक आम्लं आणि गांडुळाच्या आतड्यातून आलेल्या वाढीला मदत करणाऱ्या गोष्टी, आणि ते पाण्याबरोबर लगेच मुळापाशी पोचतं हा फायदा. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं, टोमॅटो आणि काकडीची रोपं अशा चहावर जोमाने वाढली असं त्यांना दिसलं. काही प्रयोगांत मात्र साध्या पाण्यापेक्षा फारसा फरक पडला नाही असंही आहे, कारण प्रत्येकाचं खत वेगळं, पाणी वेगळं, करायची पद्धत वेगळी.

माझ्या गच्चीवर मला जे दिसतं ते असं, की दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर गुलाबाची नवीन फूट जास्त येते, कुंडीतली माती वरून दगडासारखी घट्ट व्हायची ती आता बोट घातलं की आत जातं, आणि रोपांच्या ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं बुंध्यात बारीक होऊन कोलमडायची ते बरंच कमी झालं. तीन-चार आठवडे धीर धरावा लागतो. रात्रीत चमत्कार शोधणाऱ्यांनी या वाटेला येऊ नये.

खत चांगलं तर चहा चांगला

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पंप पाहिजे तर साधा घ्या पण खत नीट बघून घ्या.

माझी पहिली बादली फुकट गेली ती खतामुळेच. एका नर्सरीतून पाच किलोची पिशवी आणली, घरी येऊन उघडली तर अर्धी लाल माती आणि वाळू, पाण्यात टाकली तर तळाला नुसता गाळ आणि वर गढूळ पाणी. तेव्हापासून मी आधी मूठ भरून बघते. चांगलं खत काळपट तपकिरी, चहाच्या पावडरीसारखं दाणेदार असतं, मुठीत दाबलं की गोळा होतो पण पाणी टपकत नाही, आणि बोटाने टोचलं की तो गोळा लगेच फुटतो. वास घ्यायचा, पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास हवा. शेणाचा किंवा अमोनियासारखा नाकात झोंबणारा वास आला तर ते पूर्ण झालेलं नाही, परत ठेवा, किंवा घरी आणलंच असेल तर महिनाभर ओलसर सावलीत झाकून ठेवा. चिमूटभर खत काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवलं की वाळू किती आहे ते तळाला सरळ दिसतं, दुकानदार ओळखीचा असेल तर तिथेच करून बघा.

पूर्ण वाळलेलं, पिशवीत वर्षभर पडलेलं खत कुंडीत घालायला ठीक आहे पण चहाला नको, त्यातले बरेचसे जीव मेलेले किंवा झोपलेले असतात. ताजं आणि ओलसर मिळवायचं असेल तर ज्यांच्याकडे बेड आहेत अशा शेतकऱ्याकडून घ्या, मखमलाबाद-गिरणारे पट्ट्यात चौकशी केली की कोणीतरी भेटतं. गंगापूर रोडला गोवर्धनला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही विचारून बघा. घरी डबा लावणार असाल तर आयसेनिया फेटिडा जातीची लाल गांडुळं घ्या, बागेतली मातीत खोल राहणारी गांडुळं डब्यात टिकत नाहीत. डब्याबद्दल इथे लिहायला बसले तर हा लेख संपणारच नाही.

पाणी

महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं आणि शुद्धीकरण केंद्रात त्यात क्लोरीन घालतात, आपल्यासाठी ते बरंच आहे पण क्लोरीन जिवाणू मारायलाच असतं, आणि आपण तर जिवाणू वाढवायला निघालोय. उपाय सोपा, बादली भरून उघडी २४ तास ठेवा, क्लोरीन उडून जातं. डासांसाठी वर पातळ कापड टाका. घाई असेल तर एअर पंप त्याच पाण्यात एक-दोन तास चालवा, बरंच निघतं.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं पण ते जड असतं, आमच्या टाकीला नळापाशी पांढरा थर बसतो तसलं. चहा त्यात होतो पण कुंडीत क्षार साठत जातात, म्हणून मी अर्धं बोअर अर्धं नळाचं करते. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, पन्हाळीखाली स्वच्छ पिंप लावायचं, पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी जाऊ द्यायचं कारण त्यात छपरावरची धूळ असते, नंतरचं भरून ठेवायचं. पावसाचं पाणी यासाठी सगळ्यात उत्तम.

सामान

२० लिटरची बादली, रंगाची जुनी चालेल पण प्लास्टिक इमल्शनचीच आणि घासून घासून धुतलेली. फिश टँकचा दोन नळ्यांचा एअर पंप आणि दोन एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचे, बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड), माशांच्या दुकानात मिळतात, मला सगळं मिळून चारशेच्या आत पडलं होतं. पिशवीसाठी जुनी नायलॉनची ओढणी किंवा रंग गाळायची जाळी. पंचा किंवा जाड सुती कापड घेऊ नका, ते इतकं घट्ट असतं की बुरशीचे धागे आतच अडकतात आणि बाहेर फक्त रंग येतो. सुतळी, एक काठी, काळा गूळ. झालं.

गुळाबद्दल नंतर बोलते, त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे.

आता बादली लावू

संध्याकाळी पाचच्या सुमाराला लावा म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर तयार होतो, सकाळी लावला तर तो सकाळी उन्हाच्या आत द्यायला पळापळ होते.

पहिलं काम, क्लोरीन गेलेलं १५ लिटर पाणी बादलीत घ्या. वर चार-पाच बोटं जागा राहिली पाहिजे, फेस येतो. बादली सावलीत ठेवा, पंप मात्र बादलीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, स्टुलावर किंवा कठड्यावर. हे मी ठळक करून सांगते कारण लाइट गेली की खाली ठेवलेल्या पंपात नळीतून पाणी उलटं येतं आणि पंप जळतो, शॉकचीही भीती. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ओल्यात ठेवू नका.

मग एअर स्टोन दोन्ही तळाला टाका आणि पंप चालू करा, बुडबुडे सगळीकडून वर आले पाहिजेत, पाणी उकळत असल्यासारखं दिसलं पाहिजे. एका कोपऱ्यात चार बुडबुडे येत असतील तर तेवढी हवा पुरणार नाही, मोठा पंप लागेल किंवा पाणी कमी करा.

मग खत, साधारण एक लिटरचा मग भरून, म्हणजे ओलसर असेल तर अर्धा-पाऊण किलो. आधी हाताने चाळून घ्या, त्यात गांडुळं किंवा त्यांची पिवळसर अंडी दिसली तर परत डब्यात किंवा कुंडीत सोडा, बिचारी बुडून मरतील. खत ओढणीत सैल बांधायचं, अगदी गच्च पोटली केली तर मधलं खत कोरडंच राहतं. आणि आता माझा आवडता भाग, पोटली पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी हळूहळू मळायची, जशी चिंच कोळतो तशी, पहिल्या दोन दाबांतच पाण्यात तपकिरी ढग सुटतात, खाली बसत जातात आणि बुडबुड्यांनी परत वर येतात. दोन-तीन मिनिटं असं करून पोटली काठीला बांधून बादलीत लोंबती ठेवायची, तळाला टेकली नाही पाहिजे.

गूळ घालणार असाल तर दोन सुपाऱ्यांएवढा, १५-२० ग्रॅम, कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून. जास्त बिलकुल नको. गूळ जास्त झाला की जिवाणू एकदम वाढतात, पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवतात आणि मग ऑक्सिजनशिवाय जगणारे, वास मारणारे जीव माजतात. लोकांना वाटतं मूठभर घातला तर ताकद वाढेल, होतं नेमकं उलटं.

मग २४ तास चालू द्या. मधे दोन-तीनदा येऊन पोटली दाबा, काठीने तळ ढवळा. वर पांढरट तपकिरी फेस आला तर छान, नाही आला तरी घाबरू नका, फेस गुळावर आणि खतातल्या प्रथिनांवरही अवलंबून असतो, मी फेसाकडे बघतच नाही, नाक बघते. ओल्या मातीचा, किंचित गोडसर वास म्हणजे झालं. गटाराचा, आंबट, सडक्या अंड्याचा वास आला की तो झाडांना द्यायचा नाही, लांब कुठेतरी मोकळ्या जमिनीवर किंवा कचरा कुजवायच्या खड्ड्यात ओता आणि परत लावा.

गूळ आणि कच्ची भाजी

ही ती महत्त्वाची गोष्ट. आपलं गांडूळखत बहुतेक शेणापासून बनतं. गांडुळं रोगजंतू बरेच कमी करतात पण सगळं खत नीट झालेलं असेलच असं नाही, आणि शेणातून ई. कोलाय, साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू येऊ शकतात. साध्या पाण्यात ते फारसे वाढत नाहीत, पण गूळ किंवा मळी घातली की आपल्या चांगल्या जिवाणूंबरोबर त्यांनाही जेवण मिळतं. अमेरिकेत सेंद्रिय शेतीच्या राष्ट्रीय मंडळाने यासाठी समिती नेमली होती, तिचा २००४ सालचा अहवाल आहे, त्यांचंही म्हणणं हेच, गोड घालून केलेला चहा तपासल्याशिवाय खायच्या पिकाला देत असाल तर कच्च्या शेणखताचा नियम लावा, म्हणजे काढणीच्या आधी ९० ते १२० दिवस अंतर.

म्हणून माझ्या घरचा नियम असा आहे. गुळाचा चहा फक्त गुलाब, जास्वंद, शोभेची झाडं यांना. भाजीच्या कुंडीला बिनगुळाचा, तोही मातीत, पानांवर नाही. कोथिंबीर, पुदिना, मेथी, पालक, मुळा, कांद्याची पात, जे आपण कच्चं खातो किंवा जे मातीला चिकटून वाढतं, त्याला चहाच देत नाही, पेरायच्या आधी मातीत नीट झालेलं खत मिसळलं की त्यांचं भागतं. आणि टोमॅटो काकडी धुतल्याशिवाय तोडून तोंडात टाकायची नाही, माझ्या मुलाला हे सांगून सांगून मी दमले पण सांगणं सोडत नाही. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर गुळाच्या वाटेला जाऊच नका. हाताला जखम असेल तर हातमोजे, आणि काम झालं की साबणाने हात.

द्यायचा कसा

पंप बंद केल्यापासून चार-पाच तासांत संपवा. हवा थांबली की पाण्यातला ऑक्सिजन हळूहळू संपतो, रात्रभर ठेवलेला चहा सकाळी शिळ्या डाळीसारखा झालेला असतो.

कुंडीत कोरड्या मातीवर कधी ओतू नका. आधी थोडं साधं पाणी, माती ओली झाली की चहा. सहा इंची कुंडीला अर्धा कप, बारा इंचीला पाव लिटर, मोठ्या ड्रममधल्या लिंबाला, अंजिराला एक लिटर. मोठ्या झाडांना तसाच, छोट्या रोपांना तिप्पट पाणी घालून. जास्त झाला तर झाड जळत नाही, युरियासारखं नाहीये ते, पण रोज रोज दिलात तर माती सारखी ओली राहून मुळं कुजतील आणि तुम्ही चहाला नावं ठेवाल. पंधरा दिवसांतून एकदा पुरे, रोपवाटिकेत आठ दिवसांनी.

शोभेच्या झाडांवर फवारायचा असेल तर डबल गाळा, नाहीतर नोझल तुंबतं, आणि सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनेही. भर उन्हात फवारलं तर ते जीव पानावरच मरतात. आणि फवारणीचा पंप! तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी यासाठी वापरायचा नाही, माझे सासरे निफाडकडचे, द्राक्षबागेत आयुष्य गेलं, त्यांनी मला पहिल्याच दिवशी हेच विचारलं होतं, "पंप नवा आहे का?" त्यांनीच सांगितलेली दुसरी गोष्ट, बोर्डो किंवा कुठलंही तांब्याचं, गंधकाचं बुरशीनाशक मारलं असेल तर आठ-दहा दिवस चहा फवारू नका, त्या औषधाचं कामच बुरशी आणि जिवाणू मारणं आहे, तुमची मेहनत वाया. निंबोळी पेंडही बादलीत टाकू नका, ती कुंडीत वेगळी घाला.

नाशिकची हवा

आपल्याकडे चहाला सगळ्यात सोपे महिने म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी. पाणी २० ते ३० अंशांच्या मधे असलं की २४ तासांत होतो. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गच्चीवर काहीच होत नाही, बादली घरात घ्या आणि ३६ तास द्या. एप्रिल-मे मधे उलटं, पाणी गरम असलं की त्यात ऑक्सिजनच कमी मावतो आणि जीव मात्र भराभर वाढतात, म्हणून सावली, बिनगुळाचा, आणि १२ ते १८ तासांत उतरवायचा. पावसाळ्यात कुंड्या आधीच गच्च ओल्या असतात, दिलेलं सगळं खालून वाहून जातं, दोन-चार दिवस उघडीप मिळाली की मगच लावा.

लाइटचं काय? अर्धा तास गेली तर काठीने ढवळत राहा. दोन तासांपेक्षा जास्त गेली आणि हवामान गरम असेल तर वाट बघू नका, तेवढ्यावर गाळून मातीत देऊन टाका. मागच्या मे महिन्यात मी लग्नाला गेले होते, पंप चालू ठेवून, मागे दुपारभर लाइट नव्हती, रात्री आल्यावर जिन्यातच वास आला. तरीसुद्धा मोह झाला, की एवढं खत घातलंय तर निदान जास्वंदीला घालू, आणि घातला. आठ दिवसांत खालची पानं पिवळी पडली, माती उकरली तर तसाच आंबूस वास. ती जास्वंद वाचली पण पूर्ण माती बदलावी लागली. तेव्हापासून वास आला की विचार नाही, टाकून.

पंप नसेल तर

खरं म्हणजे नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे, मी शेवटी लिहितेय कारण लोक आधी पंपाचंच विचारतात. अर्ध्या बादलीत, म्हणजे आठ-दहा लिटर क्लोरीन गेलेल्या पाण्यात, दोन-तीन ओंजळी खताची पोटली बुडवायची आणि दहा मिनिटं सतत मळायची, दाबायची, सोडायची. पाणी कोऱ्या चहासारखं झालं की लगेच झाडांना. गूळ नाही, वाट बघणं नाही, लाइटची भानगड नाही, नासायला वेळच मिळत नाही. जीव वाढवलेले नसतात पण खतात जेवढे आहेत तेवढे पाण्यात उतरतात आणि मुळापाशी जातात. खत चांगलं असेल तर मला कुंड्यांमध्ये या दोन्हींत फार मोठा फरक दिसलेला नाही, आमच्या शेजारच्या काकू दोन वर्षं फक्त हेच करतात, त्यांची मोगऱ्याची कुंडी मे महिन्यात येऊन बघा. महिना-दोन महिने हे करा, हात बसू द्या, खत ओळखता येऊ द्या, मग पंप आणा. खत नुसतं पाण्यात टाकून तीन-चार दिवस झाकून ठेवायची पद्धत मात्र मी करत नाही, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच करू नका.

शेवटचं काम, आणि हेच सगळे टाळतात

पोटलीत उरलेला चोथा फेकू नका, त्यात अजून बरंच असतं, गांडुळांच्या डब्यात परत घाला किंवा कुंडीत वरून पसरून थोडी माती टाका. मग लगेच, चहा वाळायच्या आत, बादली, नळ्या, ओढणी गरम पाण्याने घासून धुवा. बादलीच्या आतून बोट फिरवा, गुळगुळीत बुळबुळीत लागलं तर परत घासा, तो थर पुढच्या बादलीत वास घेऊन येतो. एअर स्टोन बाहेरून स्वच्छ दिसतो पण त्याच्या छिद्रांत तोच थर बसतो आणि चार-पाच वेळा वापरल्यावर बुडबुडे कमी झालेले दिसतात, तेव्हा मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणून त्यात तासभर बुडवून ठेवा, चांगला धुवा, नाही सुधारला तर नवा घ्या, वीस-तीस रुपयांचा असतो. नळ्या वर टांगून ठेवा म्हणजे आत पाणी राहणार नाही, आणि बादली गच्चीवर उपडी घाला, दिवसभर कडक उन्हात.